कार्बन डायसल्फाइड : आग, वाफ आणि कामगार

कार्बन डायसल्फाइड हा कार्बन आणि गंधक या दोनच मूलद्रव्यांचा, पाण्यासारखा स्वच्छ दिसणारा आणि पाण्याहून सव्वापट जड द्रव. तेल, चरबी, मेण, राळ, रबर, गंधक, पिवळा फॉस्फरस असे जे पदार्थ पाण्याला दाद देत नाहीत ते यात सहज विरघळतात, म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून कारखानदारीला तो हवाहवासा झाला. शुद्ध द्रवाला गोडसर वास असतो. कारखान्यात येणाऱ्या मालाला मात्र सडक्या कोबीसारखी दुर्गंधी येते. तो ४६ अंश सेल्सिअसला उकळतो, म्हणजे चंद्रपुरात मे महिन्याच्या कडक दुपारी उघड्या भांड्यात ठेवला तर आपोआप उकळू लागेल. उणे ३० अंशांपर्यंत गार केला तरी त्याच्यावर जमणारी वाफ ठिणगीने पेट घेते. हवेत या वाफेचे प्रमाण १.३ टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी मिश्रण स्फोटक असते. पेट्रोलच्या वाफेसाठी ही वरची मर्यादा आठ टक्क्यांच्या आतच संपते. पण याहून घातक गुण वेगळा आहे. ही वाफ पेटायला ज्योत किंवा ठिणगी लागतेच असे नाही. ९० अंशांच्या आसपास तापलेला पृष्ठभाग तिला पुरतो: स्टीमचा साधा पाइप, विजेचा तापलेला दिवा, कोरडे पडलेले बेअरिंग. हवेच्या अडीचपटीहून जड असल्यामुळे ती वर उडून जात नाही. जमिनीलगत, गटारांतून, खड्ड्यांतून ती सरकत जाते आणि दूरवर कुठे उष्णता भेटली की ज्योत तिच्या मागाने उलट धावत मूळ साठ्यापर्यंत पोचते. ही ज्योत निळी, भर उन्हात जवळजवळ न दिसणारी. आणि जळताना निघणारा सल्फर डायऑक्साइड माणसाला गुदमरवणारा.

या द्रवाचा दुसरा धोका आवाज करत नाही. वाफ श्वासावाटे आणि द्रव कातडीवाटे शरीरात जातो आणि मेंदू, हातापायांच्या नसा, डोळे, हृदयाच्या रक्तवाहिन्या यांना वर्षानुवर्षे इजा करत राहतो. कार्बन डायसल्फाइडचा औद्योगिक इतिहास या दोन धोक्यांना मिळालेल्या असमान वागणुकीचा इतिहास आहे. आगीचे भय पहिल्या दिवसापासून मान्य झाले आणि तिच्यावर उपायही निघाले, कारण आगीत इमारत, यंत्रे आणि माल जळतो. वाफेने होणारा आजार १८५६ मध्येच नीट नोंदवला गेला होता. तरी तो रोखण्याची गरज पूर्णपणे मान्य व्हायला शंभरहून अधिक वर्षे गेली. या दोन धोक्यांतले अंतर आकड्यांतही दिसते. हवेच्या दहा लाख भागांत या वाफेचे १३,००० भाग झाल्याशिवाय ती पेटत नाही. भारतीय कारखाने कायद्याने कामाच्या पाळीसाठी घालून दिलेली मर्यादा १० भागांची होती. आगीच्या दृष्टीने पूर्ण निर्धोक ठरलेल्या खोलीतही, म्हणजे, माणसाला सोसेल त्याच्या शेकडो पट वाफ असू शकते.

हा द्रव पहिल्यांदा हाती लागला १७९६ मध्ये, सॅक्सनीतल्या फ्रायबर्ग येथील खाणशास्त्राच्या विद्यालयात. तिथले प्राध्यापक विल्हेल्म लाम्पाडियुस लोहमाक्षिक आणि कोळसा एकत्र तापवत असताना भांड्यात एक उडून जाणारा द्रव जमला. तो नेमका कशाचा बनला आहे यावर काही वर्षे वाद झाला आणि १८१३ मध्ये स्वीडनचे बर्झेलियुस व लंडनचे अलेक्झांडर मार्सेट यांनी तो कार्बन आणि गंधकाचाच असल्याचे सिद्ध केले. पुढची तीन दशके तो प्रयोगशाळेतले कुतूहल बनून राहिला. एडिंबरोचे डॉक्टर जेम्स यंग सिम्प्सन, ज्यांनी क्लोरोफॉर्म रूढ केला, त्यांनी १८४८ मध्ये भूल देण्यासाठी याचीही वाफ वापरून पाहिली. भूल चढली, पण डोकेदुखी आणि भास यांमुळे त्यांनी तो सोडून दिला. मेंदूवर ही वाफ काय करते याची ही आरंभीची सूचना होती. आगीची सूचना १८५३ च्या एप्रिलमध्ये म्युनिकला मिळाली. बव्हेरियाच्या राजघराण्यापुढे युस्टुस फॉन लीबिग यांनी नायट्रोजनच्या ऑक्साइडमध्ये ही वाफ पेटवून दाखवली. निळ्या प्रकाशाचा लोळ आणि भुंकल्यासारखा आवाज यांमुळे हा प्रयोग प्रेक्षकांना फार आवडे. पाहुण्यांच्या आग्रहावरून तो पुन्हा केला तेव्हा काचपात्र फुटले आणि राणी थेरेसे, राजपुत्र लुइटपोल्ड आणि स्वतः लीबिग काचांनी जखमी झाले.

तोवर या द्रवाला मोठे गिऱ्हाईक सापडले होते. कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक होते; त्याला गंधक देऊन तापवले की ते टिकाऊ व लवचिक बनते, ही युक्ती १८४० च्या दशकात अमेरिकेत चार्ल्स गुडइयर आणि इंग्लंडमध्ये थॉमस हॅनकॉक यांनी पक्की केली. पण पातळ रबराला ही आच सोसत नसे. १८४६ मध्ये अलेक्झांडर पार्क्स यांनी त्यावर तोड काढली. गंधकाचे क्लोराइड कार्बन डायसल्फाइडमध्ये मिसळायचे, रबराची वस्तू त्यात क्षणभर बुडवायची, बाहेर काढून वाळू द्यायची. भट्टीची गरजच उरत नाही. फुगे, खेळणी, निरोध, पातळ नळ्या, पावसाळी कापड हे सगळे या थंड पद्धतीने होऊ लागले. या कामाला मोठा कारखाना लागत नव्हता. पॅरिसच्या कामगार वस्त्यांत बसक्या छताच्या खोल्यांतून हा धंदा चाले. बुडवलेला माल तिथेच टांगलेला असे आणि वाळताना त्यातला सारा द्रव वाफ होऊन त्याच खोलीतल्या हवेत जाई. नवराबायको, शिकाऊ पोरे दिवसभर त्याच हवेत काम करत.

या माणसांकडे ज्याने पहिल्यांदा नीट पाहिले तो पॅरिसचा डॉक्टर ऑगस्त देलपेश. १८५६ मध्ये त्याने रबर कामगारांच्या आजारावर वैद्यकीय अकादमीपुढे निबंध मांडला आणि १८६३ मध्ये त्याहून मोठा, चोवीस रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने नोंदवलेली लक्षणे आजही पाठ्यपुस्तकात तशीच घालता येतील. आधी डोकेदुखी, चक्कर, मळमळ. मग उत्तेजित अवस्था: सतत बडबड, विनाकारण राग, हिंसक भांडणे, वाढलेली कामवासना. काही महिन्यांनी याच्या उलट: विस्मरण, शब्द न आठवणे, मंद दृष्टी, पायांतली शक्ती जाणे, नपुंसकत्व, खोल उदासी. तरुण वयातले हे पुरुष म्हाताऱ्यांसारखे दिसत. देलपेशने प्राण्यांना ही वाफ देऊनही पाहिले. कामाच्या जागी हवा खेळती ठेवावी आणि वाफ कामगाराच्या तोंडापासून दूर ठेवावी, हे त्याचे सांगणे. आजच्या औद्योगिक आरोग्यशास्त्रानेही याहून मूलभूत असे फारसे काही सांगितलेले नाही.

पण वैद्यकशास्त्राची पुढची पावले मागे पडली. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातले झां-मार्तां शार्को त्या काळचे सर्वांत नामांकित मेंदूविकारतज्ज्ञ. १८८८ मध्ये त्यांनी आपल्या व्याख्यानात रबर कारखान्यातला एक कामगार विद्यार्थ्यांपुढे उभा केला आणि त्याच्या आजाराला उन्माद ठरवले. आनुवंशिक दुबळेपणा मुळात असतोच आणि विष हे केवळ त्याला बाहेर काढणारे निमित्त, असे त्यांचे प्रतिपादन होते. कार्बन डायसल्फाइडचा उन्माद ही संज्ञा त्यानंतर वैद्यकीय ग्रंथांत रुळली. दोष कारखान्याच्या हवेत न राहता कामगाराच्या रक्तात जाऊन बसला, आणि हे उद्योगाला सोयीचेच होते. लाइपझिगचे मनोविकारतज्ज्ञ रूडोल्फ लाउडेनहायमर यांनी १८९९ मध्ये तिथल्या रबर कामगारांच्या वेडाच्या झटक्यांवर स्वतंत्र ग्रंथ लिहून कारखान्याकडे पुन्हा बोट दाखवले.

या काळात दोन धोके एकाच खोलीत कसे नांदत होते याचे सर्वांत बोलके वर्णन इंग्रज डॉक्टर थॉमस ऑलिव्हर यांच्या १९०२ च्या ‘डेंजरस ट्रेड्स’ या ग्रंथात आहे. स्फोटाच्या भीतीने रबर बुडवण्याच्या खोल्या एका बाजूने पूर्ण उघड्या ठेवत, म्हणजे भडका उडालाच तर त्याचा जोर बाहेर निघून जावा. त्याच ग्रंथात वाफेने वेड लागलेल्या कामगारांनी वरच्या मजल्यावरून खाली उड्या टाकल्याची नोंद आहे, आणि त्यावर उपाय म्हणून खिडक्यांना लावलेल्या लोखंडी गजांचीही. इमारत वाचावी म्हणून भिंत काढली गेली. माणसासाठी जे झाले ते एवढेच, की त्याला उडी मारता येऊ नये. ब्रिटनमध्ये या कामासाठी खास नियमही आले: दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, सलग अडीच तासांनंतर एक तास विश्रांती. हवेत किती वाफ चालेल याचा आकडा त्या नियमांत नव्हता, पण कामाचे तास कमी केले तर विष कमी पोटात जाते एवढे तरी राज्याने मान्य केले.

रबराखेरीज इतर धंद्यांनीही या द्रवाला जवळ केले. १८५० च्या दशकातच दक्षिण फ्रान्समध्ये घाण्यातून निघालेल्या ऑलिव्हच्या पेंडीतले उरलेसुरले तेल याने ओढून काढायला सुरुवात झाली. द्रावक वापरून तेल काढण्याच्या आजच्या प्रचंड उद्योगाचा आरंभ तिथे आहे. पुढे आगीच्या भयाने त्या उद्योगाने हा द्रव टाकून हेक्झेनसारखी कमी धोक्याची द्रावके घेतली. १८६० च्या दशकात फिलोक्सेरा या सूक्ष्म किडीने फ्रान्सचे द्राक्षमळे मुळांपासून पोखरले तेव्हा बॅरन पॉल तेनार यांनी १८६९ मध्ये बोर्दो भागात कार्बन डायसल्फाइड जमिनीत घालून पाहिला. पहिल्या प्रयोगात किडीबरोबर वेलीही मेल्या. मात्रा कमी केल्यावर उपाय लागू पडला आणि मजूर हातातल्या पिचकाऱ्या जमिनीत खुपसत हजारो एकरांत फिरले. पॅरिस-लियों-भूमध्य ही रेल्वे कंपनी पिंपांची वाहतूक आणि प्रचार दोन्ही करत होती, कारण द्राक्षे गेली तर तिची मालवाहतूकही जाणार होती.

धान्याच्या कोठारांतल्या सोंडे किड्यांसाठीही हीच वाफ वापरली गेली आणि तिथली गोष्ट या इतिहासात फार महत्त्वाची आहे. कोठारांना आगी लागू लागल्या तेव्हा कार्बन डायसल्फाइडचे वीस भाग आणि कार्बन टेट्राक्लोराइडचे ऐंशी भाग असे मिश्रण बाजारात आले. टेट्राक्लोराइड जळत नाही, त्यामुळे मिश्रण निर्धोक समजले गेले आणि अमेरिकेतल्या धान्य गोदामांत ते अनेक दशके शिंपडले गेले. टेट्राक्लोराइड स्वतः यकृताला घातक आहे. १९८० च्या दशकात विस्कॉन्सिनमधील डॉक्टरांना गोदामात आयुष्य घालवलेल्या कामगारांत हातांचा कंप, अवयवांचा ताठरपणा आणि स्मृतिनाश अशी पार्किन्सनसारखी लक्षणे दिसली. आग विझवण्याच्या उपायाने विषाचा प्रश्न सुटत नाही, उलट माणसे बेसावध होतात, याचे हे ठळक उदाहरण.

विसाव्या शतकात या द्रवाचा खरा वापर कापडाने वाढवला. १८९२ मध्ये चार्ल्स क्रॉस, एडवर्ड बेव्हन आणि क्लेटन बीडल या तीन इंग्रज रसायनज्ञांनी लाकडाच्या लगद्यापासून सूत काढण्याच्या व्हिस्कोज पद्धतीचे पेटंट घेतले. कोर्टोल्ड्स या रेशमी कापडाच्या कंपनीने त्याचे हक्क विकत घेऊन १९०५ मध्ये कॉव्हेंट्रीला उत्पादन सुरू केले, आणि पाच वर्षांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या मार्कस हुक इथे. कृत्रिम रेशीम म्हणून आलेले हे सूत पुढे रेयॉन या नावाने जगभर गेले.

ही पद्धत समजून घेतली तर वाफ कुठे सुटते हेही कळते. लगदा कॉस्टिक सोड्यात भिजवून पिळतात, त्याचा चुरा करतात आणि काही काळ मुरू देतात. मग तो बंद फिरत्या पिंपात घालून त्यात कार्बन डायसल्फाइड सोडतात. शंभर किलो सेल्युलोजला साधारण तीस किलो लागतो. पांढरा चुरा केशरी होतो. हाच झॅन्थेट. तो पातळ कॉस्टिकमध्ये विरघळवला की मधासारखा घट्ट रस मिळतो, आणि तो बारीक छिद्रांच्या तोटीतून गंधकाम्लाच्या कुंडात सोडला की धागा बनतो. धागा बनतो त्याच क्षणी सेल्युलोज पूर्ववत होते आणि त्याला जोडलेला कार्बन डायसल्फाइड सुटून हवेत येतो, सोबत सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. म्हणजे या कारखान्यात वाफेच्या दोन मोठ्या जागा. पिंप उघडून झॅन्थेट काढताना पिंपखात्यात, आणि दिवसरात्र धागा ओढणाऱ्या सूतखात्यात. पहिल्या जागी आगीचा आणि विषाचा धोका दोन्ही. दुसऱ्या जागी मुख्यतः विषाचा. सुरक्षेचा बहुतेक खर्च अनेक वर्षे पहिल्या जागी होत राहिला.

आग रोखण्याचे जे शास्त्र या उद्योगात घडले ते मात्र खरोखर उत्तम आहे. त्याचा पाया एका साध्या गुणावर आहे: हा द्रव पाण्यात विरघळत नाही आणि पाण्यात बुडतो. म्हणून टाकीत त्याच्यावर पाण्याचा थर ठेवतात आणि टाकीच पाण्याने भरलेल्या हौदात बसवतात. गळती झाली तर द्रव पाण्याखालीच राहतो, वाफ होत नाही. एका टाकीतून दुसरीत न्यायचा तर वरून पाणी किंवा नायट्रोजन दाबून ढकलतात. हवेने ढकलत नाहीत, कारण हवा आत शिरली की टाकीच स्फोटक होते. रिकामी टाकी भरलेल्या टाकीहून अधिक धोकादायक असते, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात; ती पाण्याने काठोकाठ भरून धुतल्याशिवाय माणूस आत उतरवत नाहीत. पाइपातून द्रव वेगाने वाहिला की स्थिर वीज साठते, म्हणून वेग मंद ठेवतात आणि प्रत्येक पिंप, पाइप, टाकी एकमेकांना जोडून जमिनीत अर्थिंग करतात. हत्यारे ब्राँझची. स्टीमचे पाइप या भागातून नेतच नाहीत. विजेच्या सामानासाठीची अटही सर्वांत कडक: बाहेरील पृष्ठभाग ८५ अंशांपेक्षा जास्त तापता कामा नये, आणि ज्वालारोधक पेटीच्या सांध्यांतली फट हायड्रोजन व ॲसिटिलीनच्या वर्गाइतकी बारीक असावी, कारण याची ज्योत अगदी चिंचोळ्या फटीतूनही पलीकडे जाते. आग लागलीच तर पेट्रोलवर जे चालत नाही ते इथे चालते: टाकीतल्या द्रवावर हळुवारपणे पाणी सोडले तर ते वर पसरून आगीची हवा तोडते. फक्त जवळचे तापलेले लोखंड गार झाल्याशिवाय थांबायचे नाही, नाहीतर विझलेली आग पुन्हा पेटते.

हे सगळे कुंपणाच्या आत. कुंपणाबाहेर काय होऊ शकते ते १३ मे १९४९ रोजी न्यूयॉर्कने पाहिले. हडसन नदीखालचा हॉलंड बोगदा १९२७ मध्ये खुला झाला होता. मोटारींचा धूर काढण्यासाठी त्यात ८४ प्रचंड पंखे होते. अर्धे ताजी हवा आत आणत, अर्धे खराब हवा बाहेर ओढत, आणि साधारण दीड मिनिटात बोगद्यातली सारी हवा बदलत असे. त्या शुक्रवारी सकाळी पावणेनऊच्या सुमारास न्यू जर्सीच्या बाजूने एक मालट्रक आत शिरला. त्यात प्रत्येकी सुमारे २०० लिटरची, कार्बन डायसल्फाइडची ८० पिंपे होती. उत्तर न्यूयॉर्क राज्यातल्या कॅस्केड मिल्सहून ती ब्रुकलिनला चालली होती. असा माल बोगद्यातून नेण्यास मनाई होती. वाटेत एक पिंप रस्त्यावर पडले, फुटले आणि वाफेने पेट घेतला. मागच्या गाड्या जागीच अडकल्या, आग एका ट्रकवरून दुसऱ्यावर गेली. दहा ट्रक खाक झाले, छताचे आणि भिंतींचे शेकडो फूट काँक्रीट व फरशा कोसळल्या. ६६ माणसे जखमी झाली. एवढ्या आगीत कोणीही जागीच मेले नाही. अग्निशमन दलाचा एक अधिकारी धुरामुळे झालेल्या इजेने पुढे दगावला. पोलिसांनी अडकलेल्या लोकांना पायी बाहेर काढले, पण त्यांना श्वास घेता आला तो पंख्यांमुळे. चालवणाऱ्यांनी ते पूर्ण वेगाने फिरते ठेवले आणि विषारी धूर वरून ओढून नेला. नदीखालच्या बोगद्यांच्या वायुवीजनाची गणिते पुढे करताना अभियंत्यांनी या दिवसाचा आधार घेतला आहे.

बॉइस मोटर लाइन्स या वाहतूक कंपनीवर खटला झाला. स्फोटक व ज्वालाग्राही माल नेणाऱ्या चालकाने, जिथवर व्यवहार्य असेल तिथवर, दाट वस्ती आणि बोगदे टाळावेत असा केंद्रीय नियम होता. तो इतका मोघम आहे की त्यावर शिक्षा देता येत नाही, असा कंपनीचा बचाव. १९५२ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी तो फेटाळला. दुसरा सुरक्षित व्यवहार्य मार्ग आहे हे माहीत असूनही, किंवा तो शोधण्याची तसदी मुद्दाम न घेता बोगदा निवडला असेल तर दोष ठरतो, असे बहुमताने म्हटले. घातक मालाच्या वाहतुकीच्या कायद्यात बॉइस मोटर लाइन्सचा हा निकाल आजही उद्धृत होतो. एका सकाळच्या आगीला तीन वर्षांत देशाच्या सर्वोच्च न्यायपीठापर्यंत जाता आले.

सूतखात्यातल्या वाफेला इतकी लवकर दाद मिळाली नाही. अमेरिकेत तो प्रश्न लावून धरला ॲलिस हॅमिल्टन यांनी. हार्वर्ड विद्यापीठात १९१९ मध्ये नेमल्या गेलेल्या या पहिल्या स्त्री प्राध्यापिका, आणि शिसे, पारा, बेंझिन यांच्या कारखान्यांतून पायी फिरून आजार शोधणाऱ्या डॉक्टर. रेयॉन गिरण्यांतून माणसे वेड्यांच्या इस्पितळात जात आहेत हे त्यांच्या कानावर १९२० च्या दशकातच आले होते, पण कंपन्या दार उघडत नव्हत्या आणि इस्पितळे रुग्णाचा धंदा विचारत नव्हती. १९३८ मध्ये पेनसिल्व्हेनिया राज्याच्या कामगार खात्याकडून त्यांनी पाहणी करवून घेतली. मेंदूविकारतज्ज्ञ एफ. एच. लेवी यांनी कामगारांना तपासले आणि त्यांच्यापैकी बहुतेकांत नसांची किंवा मेंदूची इजा आढळली. १९४० मध्ये केंद्रीय कामगार खात्याचा अहवाल निघाला. युरोपातले साहित्य पाहता हा अहवाल फार उशिरा आला, असेच म्हणावे लागते.

त्यानंतर आजाराचे तिसरे रूप पुढे आले. इटलीतले एन्रिको विल्यानी यांनी युद्धकाळात बंद खिडक्यांआड चाललेल्या पीडमाँट भागातल्या गिरण्यांतले शेकडो रुग्ण पाहिले आणि मेंदूच्या रक्तवाहिन्या अकाली कडक होतात हे १९५४ मध्ये दाखवले. १९६८ मध्ये टिलर, शिलिंग आणि मॉरिस यांनी वेल्समधल्या रेयॉन कामगारांच्या मृत्यूच्या नोंदी चाळल्या. सूतखात्यात वर्षे काढलेली माणसे हृदयविकाराने इतरांपेक्षा फार जास्त मरत होती. इथे वेड नव्हते, पाय लुळे पडणे नव्हते. पन्नाशीतला माणूस घरी झटका येऊन जाई आणि कोणालाही कारखाना आठवत नसे. फिनलंडमध्ये स्वेन हर्नबर्ग यांच्या गटाने ३४३ रेयॉन कामगार आणि तितकेच कागद गिरणीचे कामगार यांची वर्षानुवर्षे तुलना केली. हृदयविकाराचे मृत्यू पहिल्या वर्षांत अनेक पट आढळले तेव्हा १९७२ मध्ये तिथे वाफेची मर्यादा दहा लाखांत २० भागांवरून १० वर आणली आणि हृदय कमजोर असलेल्यांना त्या खात्यातून हलवले. त्यानंतर जादा मृत्यू घटत गेले. हवा सुधारली तर माणसे वाचतात हे आकड्यांनी इतके स्वच्छ दाखवणारे अभ्यास औद्योगिक वैद्यकात थोडेच आहेत.

याच काळात जुनी यंत्रे मात्र दुसरीकडे चालली होती. दक्षिण कोरियात सोलजवळचा वोन्जिन रेयॉन कारखाना १९६० च्या दशकात जपानच्या तोयो रेयॉन कंपनीच्या वापरलेल्या यंत्रांवर उभा राहिला. १९८० च्या दशकात पक्षाघात, मूत्रपिंडाचे आजार आणि मनोविकार घेऊन कामगार एकामागून एक पुढे आले; लढा, उपोषणे, मोर्चे झाले आणि शेकडो जणांचा आजार व्यावसायिक म्हणून मान्य झाला. १९९३ मध्ये कारखाना बंद पडला. भरपाईच्या निधीतून कामगारांसाठी रुग्णालय उभे राहिले, हे त्या लढ्याचे मोठे यश. यंत्रे चीनमधल्या दानदोंगला विकली गेली.

भारतात रेयॉन स्वातंत्र्यानंतर आले. केरळात पेरुम्बावूरजवळ १९५० मध्ये, मध्य प्रदेशात नागदा इथे १९५४ मध्ये, आणि महाराष्ट्रात कल्याणच्या परिसरात दोन: मोहन्याची नॅशनल रेयॉन आणि शहाडची सेंच्युरी रेयॉन. कसारा लोकलने शहाड-आंबिवली ओलांडणाऱ्या प्रवाशांना तो उग्र वास पिढ्यानपिढ्या परिचित होता. नॅशनल रेयॉन २००९ मध्ये बंद पडली; शहाडला उत्पादन चालू राहिले. सप्टेंबर २०२३ मध्ये शहाडच्या आवारात कार्बन डायसल्फाइडच्या टँकरचा स्फोट होऊन कामगार मृत्युमुखी पडले. १९४८ च्या कारखाने कायद्यात कार्बन बायसल्फाइडची (हे याच द्रवाचे जुने नाव) विषबाधा ही कळवणे बंधनकारक असलेल्या आजारांत सुरुवातीपासून होती. असा रुग्ण दिसला तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने मुख्य कारखाना निरीक्षकाला कळवायचे असते. हवेतली १० भागांची मर्यादा भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कायद्यात आली. मधुमेह किंवा रक्तदाब समजून उपचार चाललेल्या निवृत्त गिरणी कामगाराला त्याचे खाते कोणते होते हे विचारले गेले तरच ही नोंद होते, आणि तो प्रश्न कल्याण-उल्हासनगरच्या प्रत्येक दवाखान्यात विचारला जायला हवा.

अमेरिकी औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संघटनेने आपली शिफारस २००६ मध्ये दहा लाखांत १ भागावर आणली. ती पाळायची तर सूतयंत्रे काचेच्या बंद पेटीत ठेवावी लागतात, आतली हवा सतत ओढून घ्यावी लागते, आणि धागा तुटला की पेटी उघडण्याचे प्रसंग कमी करावे लागतात. ओढलेली हवा सक्रिय कोळशाच्या थरांतून नेऊन तीतला कार्बन डायसल्फाइड परत मिळवतात किंवा जाळून त्याचे गंधकाम्ल करतात. दोन्ही मार्गांनी कच्च्या मालाचा पैसा वाचतो. १९९२ मध्ये कोर्टोल्ड्सनेच अलाबामातल्या मोबील इथे कार्बन डायसल्फाइडशिवाय सूत काढण्याची लायोसेल पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. तीत सेल्युलोज एन-मिथाइलमॉर्फोलिन ऑक्साइड या द्रावकात विरघळते आणि जवळजवळ सारे द्रावक परत वापरले जाते. ते हवेत उडत नाही. मात्र जास्त तापले तर त्याचे विघटन बेफाम होऊ शकते, म्हणून रसात स्थिरकारक मिसळतात आणि तापमानावर काटेकोर पहारा ठेवतात. लाकडाच्या लगद्यापासून जगात बनणाऱ्या धाग्यातला मोठा वाटा अजून व्हिस्कोजचाच आहे.